आढ्याचं वय

त्या घराला भोकं पाडायची अक्कल माझी. दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोयच नाही. बाबा नको म्हणत होते, वहिनी नको म्हणत होती. इतकंच काय, तो वनखात्याचा कारकूनसुद्धा म्हणाला होता, "ताई, कशाला एवढा खटाटोप? तुमच्या वडिलांचं एक शपथपत्र द्या, मी फाईल पुढे सरकवतो." पण मी ऐकते होय कुणाचं! चार पिढ्या सुतारकाम केलेल्या घरातली मी. शहरात माझा स्वतःचा दारं-खिडक्यांचा कारखाना आहे, हाताखाली नऊ माणसं आहेत. मी त्या कारकुनाला ठणकावून सांगितलं, "कागद काय, कुणीही लिहितं. आमचं लाकूडच बोलेल."

बोललं. असं बोललं की माझीच बोलती बंद झाली.

घर जंगलात आहे. डांबरी रस्ता संपतो तिथून तासभर चढ चालायचा, मग ओढा लागतो, आणि ओढ्यापलीकडे आमचं घर. दगडी जोतं, कवेत न मावणारे खांब, चार खोल्या, वर माळा. मागे नजर जाईल तिथवर झाडं. हे घर आमच्या पणजोबांनी बांधलं, हे आम्हाला कळायला लागायच्या आधीपासून माहीत. पणजोबांना घरात सगळे 'थोरले' म्हणायचे. थोरले खांद्यावर कुऱ्हाड टाकून, बायको आणि सात वर्षांचा मुलगा घेऊन इथे आले, झाडं पाडली, जोतं भरलं, आणि आढं, म्हणजे छपराच्या मधोमध सगळ्यात वर जाणारं ते एकसंध लाकूड, एकट्याने दोर लावून वर चढवलं. माझे आजोबा सांगायचे तेव्हा त्याला तीन दिवस लागले होते. बाबा सांगायचे तेव्हा दोन. माझा दादा गोष्ट सांगायला लागला तेव्हा थोरले एका हाताने आढं चढवत होते आणि दुसऱ्या हाताने अस्वल हाकलत होते. आम्ही हसायचो, पण मनातून छाती फुगायची.

गेल्या वर्षी सरकारने जंगलाची नवी हद्द आखली आणि आमचं घर रेघेच्या आत गेलं. आतल्या घरांसाठी नियम एकच. ज्यांनी घर बांधलं त्यांचे रक्ताचे वारस तिथे राहू शकतील. मागाहून आलेल्यांनी, घेतलेल्यांनी, घुसलेल्यांनी हंगाम संपायच्या आत बाहेर पडायचं. रिकामी झालेली घरं जंगलाला सोडून द्यायची.

आम्हाला कसली भीती असणार? पण प्रश्न बाबांचा होता. बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे. दादा पाच वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून त्या घरात वहिनी आणि बाबा असे दोघंच. मागे एकदा मी हट्टाने त्यांना शहरात नेलं होतं. दोन दिवस खिडकीशी बसून काढले त्यांनी. मग जेवण तोडलं, मग बोलणं, आणि नवव्या दिवसापासून भिंतीकडे तोंड करून निजून राहिले. डॉक्टर म्हणाला, सगळं ठीक आहे. ठीक आहे, कप्पाळ! तेराव्या दिवशी परत आणून सोडलं, तर संध्याकाळी हे अंगणात स्टूल टाकून रंधा मारत बसलेले. ह्या माणसाला घरातून काढणं म्हणजे मारणंच, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणून तर शपथपत्रावर माझा भरवसा बसेना. आज हा कारकून चांगला आहे, उद्या दुसरा कुणी साहेब येईल आणि म्हणेल, शपथ खोटी. लाकडाची साक्ष कोण खोडणार?

तर मी शोधून काढली लाकडाचं वय सांगणारी बाई. अशी माणसं असतात हे मला कामामुळे माहीत होतं. झाड दर वर्षी एक वर्तुळ धरतं. पाऊस चांगला झाला की रुंद, नाही झाला की अरुंद. ह्या बाईकडे त्या भागातल्या झाडांचा तीन-चारशे वर्षांचा आलेख होता. लाकडातून पेन्सिलीएवढी कांडी काढायची, तिच्यावरच्या रेघा आलेखाशी जुळवायच्या, की झाड कुठल्या वर्षी तोडलं ते कळतं.

बाई सकाळीच आली. पाठीवर पोतडी, पायात चिखलाचे बूट, बोलणं मोजकं. तिच्यामागून धापा टाकत कारकून. साक्षीला त्याचं असणं गरजेचं होतं. त्याच्या काखेत फाईल होती, आणि ओढा ओलांडताना स्वतः गुडघ्यापर्यंत भिजला तरी फाईल त्याने डोक्यावर धरली होती. वहिनीने खिडकीतून पाहिलं आणि लगेच बारसं केलं, "आले बघा फाईलराव."

"वहिनी, हळू."

"मी कुठे त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं? आणि वन्सं, तुम्ही मला हळू म्हणताय? तुमचा आवाज खाली रस्त्यापर्यंत जातो."

बाबा मधल्या खोलीत खुर्चीवर बसले होते. बाईने पोतडीतून कांडी काढायचं पोकळ गिरमिट काढलं तेव्हा ते मला म्हणाले, "पोरी, नको. मी शपथ घेतो ना. चांगल्या घराला भोकं कशाला पाडतेस?"

"बाबा, बोटाएवढं भोक. नंतर मी स्वतः खुंटी मारून बुजवते. कुठे होतं ते तुम्हालासुद्धा सापडणार नाही."

"मला सापडेल," बाबा म्हणाले.

मी माळ्यावर शिडी लावली. बाई आढ्याला बिलगून उभी राहिली आणि गिरमिट फिरवायला लागली. किर्र किर्र आवाज घरभर. लाकूड इतकं घट्ट की तिला दोनदा थांबून दम घ्यावा लागला. मी खालून म्हणाले, "आमच्या थोरल्यांचं लाकूड आहे बाई, सहजासहजी नाही ऐकायचं." मला काय माज चढला होता तेव्हा! आठवलं की थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

बाईने कांडी टेबलावर ठेवली, चष्म्यावर भिंग चढवलं, लॅपटॉप उघडला. वहिनीने चहा दिला तो तिच्याकडून गार झाला. कितीतरी वेळ ती एकेक रेघ सुईच्या टोकाने मोजत होती. मग पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. मला राहवेना.

"सांगा की. किती?"

"तुमच्या हिशोबाने किती असायला हवं?"

"एकशे पंधरा. थोडंफार इकडेतिकडे."

बाईने भिंग काढलं. "पक्कं पत्र आठवड्याने देते. पण फार फरक पडणार नाही. हे झाड तोडलं त्याला दोनशे एकसष्ट वर्षं झाली."

मला आधी ऐकूच आलं नाही. म्हणजे कानांवर पडलं, पण आत शिरेना. वहिनी म्हणाली, "अगं बाई! म्हणजे थोरले इथे आले तेव्हा काय दीडशे वर्षांचे होते?" एरवी तिच्या बोलण्यावर मी खोखो हसले असते. कारकुनाचं पेन कागदावर अर्ध्यात थांबलं होतं.

"चूक आहे," मी म्हणाले. "तुमचा आलेख चुकलाय."

"आलेख नाही चुकला."

"मग हे आढं जुन्या घरातलं असेल. थोरल्यांनी कुठूनतरी जुनं लाकूड आणून चढवलं असेल. आम्ही सुतार आहोत, चांगलं जुनं लाकूड कोण सोडतं?" हे बोलले आणि मला जरा धीर आला. बाईसुद्धा म्हणाली, होऊ शकतं, पुष्कळदा होतं.

"मग खांब बघू," ती म्हणाली. "जो जोत्यात गाडलेला आहे, कधी हललेला नाही, असा. तो बांधतानाचाच असणार."

असा एकच होता, आतल्या खोलीतला कोपऱ्याचा खांब. त्याला थंडीसाठी बाहेरून फळ्या मारलेल्या होत्या. मी जंबुरा घेऊन आत निघाले, तेवढ्यात बाबा खुर्चीतून उठले. गेल्या दोन वर्षांत ते आधाराशिवाय उठले नव्हते.

"ती फळी काढू नकोस."

"परत लावते ना बाबा."

"वारा येतो तिथून. नको काढूस."

"बाबा, घर जाईल! कळतंय का तुम्हाला?"

मी ओरडलेच. त्यांना असं ओरडायला नको होतं, पण माझं डोकं ठिकाणावर कुठे होतं! मी जंबुरा लावला आणि पहिला खिळा उपटला, आणि तिथेच हात थबकला. आमच्या त्या घरात जुने खिळे सगळे लोहाराचे, हाताने ठोकलेले, चौकोनी. हा गोल होता, तारेचा, कारखान्यातला. आणि तिरपा मारलेला, शेजारी त्याच्या उलट बाजूला तिरपा दुसरा. असे जोडीने तिरपे खिळे मारायची सवय अख्ख्या जगात एकाच माणसाला आहे. त्यानेच मला शिकवलं. मी वळून बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

पुढचे खिळे मी कसे काढले ते मला आठवत नाही. फळी निघाली. आत खांब होता, काळा, गुळगुळीत. त्याच्यावर वरपासून खालपर्यंत खुणा कोरलेल्या होत्या.

बाईने विजेरी धरली. ओळी होत्या. एकेका ओळीत तीन, चार, कुठे सात खाचा, आणि प्रत्येक खाचेखाली बारीक आकड्यांत एकेक साल. सगळ्यात वरचं साल दोनशे साठ वर्षांपूर्वीचं. बहुतेक खाचांवर आडवी रेघ मारलेली होती.

"हे जन्म असावेत," बाई हळूच म्हणाली. "लिहिता येत नसेल, आकडे तेवढे येत असतील. मूल झालं की खाच. गेलं की त्याच्यावर आडवी रेघ. बघा, एक, दोन, तीन... सहा ओळी. सहा पिढ्या."

सहा पिढ्या! आम्ही इथे नव्हतो तेव्हा ह्या भिंतींच्या आत सहा पिढ्या जन्मल्या आणि मेल्या, आणि आम्ही त्यांच्या खांबाला पाठ टेकून थोरल्यांच्या बढाया मारत होतो. मी खाली जमिनीवरच बसले. शेवटच्या दोन ओळी माझ्या डोळ्यांसमोर आल्या. खालून दुसऱ्या ओळीत तीन खाचा, त्यातल्या दोन रेघ मारलेल्या आणि एक मोकळी. सगळ्यात खालच्या ओळीत चार खाचा. तिघांवर आडव्या रेघा, तिन्ही अगदी सारख्या, एका दमात मारल्यासारख्या. चौथी खाच मोकळी. तिचं साल एकशे एकोणीस वर्षांपूर्वीचं.

"ही बापाची असणार," बाई त्या वरच्या मोकळ्या खाचेवर बोट ठेवून म्हणाली. "मुलांच्या रेघा त्याने मारल्या. आणि त्याची मारायला मागे कुणी उरलं नाही."

वहिनीने तोंडावर हात धरला. कारकून बिचारा दारात फाईल छातीशी धरून उभा होता. त्याने दोनदा घसा साफ केला.

"ताई, वाईट वाटतंय मला. पण हे मी डोळ्यांनी पाहिलं. आता शपथपत्र घेतलं तर मीच गोत्यात येईन. घर तुमच्या घराण्याने बांधलेलं नाही, हे तर उघडच आहे."

"घ्या," वहिनी माझ्याकडे वळली. "पाडा अजून भोकं! साहेब फाईल सरकवत होते ना? तुम्हाला लाकडाला बोलायला लावायचं होतं ना? आता सांगा ह्यांना कुठे नेऊ? तुमच्या त्या भिंतीकडे तोंड करून निजवायला?"

तिने मारलं असतं तरी मी खाल्लं असतं. पण राग कुठेतरी काढायचाच असतो माणसाला. मी बाबांवर उलटले.

"हे खिळे तुमचे आहेत. तुम्हाला माहीत होतं. आयुष्यभर ती आढ्याची गोष्ट सांगितलीत आम्हाला, आणि तुम्हाला माहीत होतं!"

बाबा खुर्चीत परत बसले. बराच वेळ गुडघे चोळत राहिले.

"होतं," ते म्हणाले. "थोरले इथे कामाला आले होते. करवतीवर. एका हंगामाच्या बोलीवर. हे घर, हे रान, सगळं त्या लोकांचं होतं. त्या थंडीत तापाची साथ आली. खालचं निम्मं गाव गेलं त्यात. ह्या घरातले एकामागून एक गेले. थोरल्यांनी पुरलं सगळ्यांना. तिथे, मागे, सपाटीवर."

घरामागे एक सपाट तुकडा आहे. उभ्या उतारावर तेवढी एकच सपाट जागा, तरी आमच्या घरात तिथे कधी लाकडाची थप्पी लावली नाही. का, तर म्हणे ओल धरते. मी तिथे भोवरे फिरवले आहेत. दादा तिथे सायकल शिकला. आम्ही कुणाच्या अंगावर खेळत होतो?

"मग थोरले खाली गेले, बायकोला आणि मुलाला घेऊन आले आणि राहिले," बाबा म्हणाले. "विचारायला कोण होतं? जे वाचले ते आपापल्या दुःखात. काही वर्षांनी म्हणायला लागले, मी बांधलं. लोकांनीही मानलं."

"आणि ती चौथी खाच?" हे बाईने विचारलं. आमच्या घरच्या भानगडीत पडायचं तिला कारण नव्हतं, पण तिलाही राहवलं नाही. "तिच्यावर रेघ नाही."

"ती पोर वाचली. चार वर्षांची होती."

"मग तिचं काय केलं थोरल्यांनी?" मी किंचाळलेच. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं की आता बाबा काहीतरी भयंकर सांगणार.

"वाढवली. मोठी झाल्यावर आपल्या मुलाशी लग्न लावून दिलं." बाबांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "तुझी आजी ती."

आजी! माझी आजी. मी बारा वर्षांची असताना ती गेली, पंच्याहत्तरीची होऊन. आम्हाला सांगितलेलं असं, की थोरल्यांना ती रस्त्यावर सापडली. अनाथ पोर, दया आली, घरात घेतली. आजीसुद्धा तेच सांगायची. 'ह्या घराने मला ठेवून घेतलं,' म्हणायची. घरातली कुठलीही वस्तू हलवायची झाली तरी आजोबांना विचारायची, हलवू का. पेटीतून पांघरूण काढायचं, तरी काढू का. सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरेल ते घेऊन कोपऱ्यात बसायची. थोरले म्हातारपणी अंथरुणाला खिळले तेव्हा नऊ वर्षं तिने त्यांचं सगळं केलं, आणि लोक म्हणायचे, फेडते हो उपकार. उपकार! स्वतःच्या घरात! जिच्या खापरपणजाच्याही आधीच्यांनी ते आढं चढवलं, ती त्या आढ्याखाली पांघरूण काढायला परवानगी मागत होती, आणि तो लुच्चा म्हातारा तिच्याकडून पाय चेपून घेत होता!

मी थोरल्यांना असल्या शिव्या दिल्या की कारकून दाराबाहेर सरकला. आयुष्यभर ज्यांचं नाव घेऊन हत्यार हातात धरलं, त्यांना. बाबांनी मला अडवलं नाही.

सगळ्यात आधी डोकं चाललं ते वहिनीचं. "थांबा," ती म्हणाली. "म्हणजे सासूबाईंच्या सासूबाई... आजेसासूबाई... म्हणजे मामंजींची आई बांधणाऱ्यांची. मग हे बांधणाऱ्यांचेच झाले की! अहो साहेब, आत या! रक्ताचे वारस म्हणता ना? आईचं रक्त चालतं की नाही तुमच्यात?"

कारकून आत आला. त्याने फाईल उघडली, नियम बोट ठेवून दोनदा वाचला. "चालतं," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला. "आई असो वा बाप, असा फरक इथे केलेलाच नाही. आजोबा, तुमचा हक्क राहतो. पण..." तो परत अडखळला. "पण ती वाचलेली मुलगी म्हणजे तुमचीच आई, हे कशावरून? खाचेवर रेघ नाही एवढ्यावर नाही धरता येत. बापाच्याही खाचेवर नाही. रेघ मारणाराच गेल्यावर ती मुलगीही गेली असेल, आणि तुमची आई खरोखरच रस्त्यावर सापडलेली असेल. मला वरती विचारतील. थोरल्यांनी सांगितलं का तुम्हाला?"

"थोरल्यांनी कुणालाच सांगितलं नाही."

"मग तुम्हाला कुणी सांगितलं?"

बाबा काढलेल्या फळीकडे बघत बसले. मला वाटलं संपलं. मी त्यांच्या पायाशी बसले आणि हात जोडले. "बाबा, आता तरी बोला हो. कुणाची अब्रू सांभाळताय? त्या म्हाताऱ्याची? तुम्हाला घरातून काढतील."

"त्यांची नाही गं," बाबा म्हणाले. मग कारकुनाकडे वळून सावकाश बोलायला लागले. साहेबासमोर साक्ष द्यावी तसे.

"मी सव्वीस वर्षांचा होतो. खांबाला कीड लागली का बघायला फळी काढली, तर आत ह्या खुणा. मला गंमतच वाटली. मी आईला हाक मारली, म्हटलं आई, धावत ये, बघ काय सापडलं. ती भांडी घासत होती. हात पुसत आली. तिने विजेरीसुद्धा मागितली नाही. अंधारातच खाली वाकली आणि बरोबर त्या खाचेवर बोट ठेवलं. शोधावं लागलं नाही तिला. म्हणाली, हा वरचा माझा बाप. ही मी."

"म्हणजे आजीला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाही? सत्तर वर्षं?"

"मीही तेच विचारलं. म्हटलं, आई, अगं तू चार वर्षांची होतीस, ठीक आहे. पण तेव्हासुद्धा, तो माणूस लोकांना सांगत होता की पोर रस्त्यावर सापडली, तर मी इथलीच आहे असं म्हणायचंस ना. ती म्हणाली, घरातल्या सगळ्यांना तिकडे सपाटीवर नेऊन ठेवत होते ना रे. आई गेली, भाऊ गेले, मग बाबा गेले. मी पण घरातलीच आहे असं म्हटलं असतं तर मलाही नेलं असतं. म्हणून मी म्हटलं, हो, मी रस्त्यावरची."

वहिनी भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. मला रडूही येईना. चार वर्षांचं पोर, जीव वाचवायला स्वतःच्याच घरात परकं झालं, आणि मग परकंच राहिलं.

"मी म्हटलं, बरं, पुढे मोठी झालीस, थोरले गेले, तेव्हा का नाही सांगितलंस?" बाबा म्हणाले. "तर हसली. म्हणाली, सांगून बाहेर कुणाला काढू? तुझ्या वडलांना की तुला? घर आहे ना उभं, पुरे झालं. आता फळी लाव, वारा येतो."

कारकून लिहीत होता. दोनदा त्याने चष्मा पुसला. सगळं लिहून झाल्यावर बाबांची सही घेतली, बाईची साक्ष घेतली, माझी घेतली. मग पहिल्या पानावर परत आला. "एवढं झालं की शिक्का मारतो. हक्क ज्यांच्याकडून आला त्यांचं नाव. आजोबा, आईचं नाव सांगा."

बाबांनी सांगितलं.

"हे थोरल्यांनी ठेवलेलं असेल ना? रस्त्यावर सापडली म्हटल्यावर." कारकून संकोचून म्हणाला. "इथे जन्मनाव मागतात. तिच्या आईबापांनी ठेवलेलं."

"ते माहीत नाही."

"त्यांनी कधी सांगितलं नाही?"

"मी विचारलं नाही." बाबांनी खांबाकडे पाहिलं. "ती म्हणाली फळी लाव, मी लावायला घेतली. ती तिथेच उभी होती माझ्या मागे. बराच वेळ उभी होती साहेब, मी काहीतरी विचारीन म्हणून वाट बघावी तशी. मी खिळे ठोकत होतो."

कारकुनाने ती ओळ कोरी सोडली आणि खाली शिक्का मारला. घर राहिलं. बाबा राहतील, त्यांच्यामागे मी राहीन, आणि आम्ही कुणीच नसू तेव्हाही ते तिथे असेल. बाबांनी त्या एका क्षणी तोंड का उघडलं नाही म्हणून माझा असा संताप झाला की मी त्यांच्यावर ओरडायला उठले. उठले आणि तशीच उभी राहिले. बारा वर्षांची होईपर्यंत मी रोज आजीच्या पांघरुणात झोपत होते, तिचं डोकं खात होते, हजार प्रश्न विचारत होते. तुला लहानपणी कोण काय हाक मारायचं, एवढं साधं मीही तिला कधी विचारलं नव्हतं.